वाघमारे बाईंच्या रिकाम्या कुंड्या

आम्ही आदिलाबादेत घर बांधून राहायला आलो, तेव्हा शेजारच्या अंगणात भिंतीलगत बारा कुंड्या होत्या आणि बाराही रिकाम्या होत्या. माती होती, रोप एकातही नव्हतं. रोज सकाळी सातच्या सुमारास एक उंच, सडपातळ बाई पितळी लोटा घेऊन यायच्या आणि वाकून एकेका कुंडीत हाताच्या ओंजळीवरून पाणी सोडायच्या, म्हणजे धार थेट मातीवर पडू नये. पाणी घालून झालं की कुंड्यांकडे न बघता घरात जायच्या. माझी बायको सुनंदा पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "अहो, शेजारच्या बाई मातीले पानी घालून राह्यल्या. डोकं बिकं तं ठीक आहे ना त्यांचं?"

मला मोजायची सवय आहे. शेतकी कार्यालयात पंचवीस वर्षं कारकुनी केल्यावर ती लागतेच. तेवीस दिवस मी नुसतं पाहिलं. चोविसाव्या दिवशी भिंतीवरून विचारलं, "बाई, यात लावलंय तरी काय?"

"अजून तं काई नाई," त्या म्हणाल्या. "उगवलं की सांगते."

आणि खरोखर सांगितलं. सदतिसाव्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "भाऊ, या. सांगते म्हटलं होतं ना." एका कुंडीत कृष्णकमळाचा कोंब होता, अर्ध्या बोटाएवढा. त्यानंतरच्या महिनाभरात आणखी सहा कुंड्यांत कोंब आले. पाच कुंड्या तशाच राहिल्या. त्या पाचांनाही पाणी चालूच होतं.

ही माझी वाघमारे बाईंशी पहिली ओळख. त्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वडील सालदार होते आणि आई सुईण. घराण्यात मॅट्रिकपर्यंत पोचलेल्या त्या पहिल्या. नोकरीची पहिली वीस वर्षं नार्नूरकडच्या खेड्यांत गेली, उरलेली जैनथला. सगळी नोकरी त्यांनी पहिलीच्या वर्गावर काढली. वरचे वर्ग देऊ केले तेव्हा त्यांनी घेतले नाहीत. यजमान लवकर गेले होते. मिलिंद हा एकच मुलगा, तो हैदराबादला नोकरीला. तो दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी "आता इकडं या" म्हणायचा. बाई दर रविवारी "पाहू" म्हणायच्या.

मला त्या "भाऊ" म्हणत, सुनंदाला "वैनी". मी त्यांना बाईच म्हणायचो. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलत असणार, पण घरी, अंगणात, भिंतीपाशी त्यांची बोली नार्नूरचीच होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही.

त्यांचा एक नियम मला फार लवकर कळला. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात टँकर येतो. कोणत्या घराची पाळी कधी, याचा तक्ता मी करून सगळ्यांना दाखवत होतो. बाईंनी चष्मा लावून तो वाचला आणि एका जागी बोट ठेवलं.

"भाऊ, हे पांढरं काय लावलं?"

"व्हाइटनर आहे. पाळी चुकून दोनदा लिहिली गेली होती."

"कोनाची?"

"आमचीच."

"मंग झाकली काऊन? एक रेघ मारा. सरळ, पट्टीनं. खालचं वाचता आलं पायजे. चूक दिसली नाई तं मानूस पुन्हा तेच करते." मग सुनंदाकडे वळून म्हणाल्या, "वैनी, पहिलीच्या पोराइले मी खोडरबर आनू देत नव्हती. तुमचे मालक तं पन्नाशीचे झाले."

सुनंदाला हे फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस माझ्या हातून काही सांडलं, विसरलं, की ती म्हणायची, "रेघ मारा, रेघ."

नार्नूरकडची एक गोष्ट बाई सांगत. त्यांच्या पहिलीच्या वर्गात एक गोंड मुलगी होती. घरी गोंडी, शाळेत मराठी, त्यामुळे ती आठ महिने एक शब्द बोलली नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ही मुकी आहे का? तसं असेल तर तशी नोंद करा, दुसऱ्या शाळेत पाठवू. बाई म्हणाल्या, "ते मले माईत नाई साहेब. मले एवढंच माईत आहे का ते रोज येते. मी हजेरी लावते." फेब्रुवारीत एके दिवशी बाई फळ्यावर चिंचोक्यांची बेरीज करत होत्या. मागून आवाज आला, "बाई, एक चुकला." चिंचोके खरोखर एक कमी धरले होते. "पयला शब्द बोलली, तो बी माही चूक काढाले," असं म्हणून बाई हसत. गोष्ट तिथेच संपायची. त्या मुलीचं पुढे काय झालं, असं मी एकदा विचारलं. "लगन झालं, दोन लेकरं आहेत, लई बोलते," एवढंच उत्तर मिळालं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो, ती सांगतो.

नार्नूरच्या पुढे बाईंचं माहेर. तिथल्या घराच्या कुंपणावर कळलावीची वेल होती. ही आमच्याकडच्या सागवानी रानातली वेल. मूळ नांगराच्या फाळासारखं वाकडं, पानाच्या टोकाला गुंडाळी, तिनेच ती धरून वर चढते. पावसाळ्यात फुलं येतात, पाकळ्या खाली पिवळ्या आणि वर लाल, उलट्या वळलेल्या, जाळ लागल्यासारख्या. मूळ, बी, सगळं विषारी. जुन्या बायका हे मूळ बाळंतिणीच्या उशाशी ठेवत, म्हणजे सुटका लवकर होते म्हणत. बाईंच्या आईने आसपासच्या सात-आठ गावांत बाळंतपणं केली आणि या वेलीचं मूळ फडक्यात बांधून बरोबर नेलं. बाईंचा त्यावर विश्वास नव्हता. "मुळानं काय होते? माह्या मायच्या हातानं होत होतं. पन बायका मुळाकडं पाहात राहात, त्यांचं भेव कमी होये, म्हून माय नेत होती."

एका उन्हाळ्यात भावाचा फोन आला की रस्ता रुंद होतोय, कुंपण जाणार. बाई दुसऱ्या दिवशी उटनूरची बस धरून, तिथून पुढे ऑटोने पोचल्या, तर कुंपण गेलेलं होतं. जेसीबीने काटेरी तार, दगड, माती सगळं एका ढिगात लोटलं होतं. कंद सापडला नाही. ढिगात वाळक्या वेलीला चार शेंगा होत्या, तेवढ्या त्यांनी पदरात बांधून आणल्या.

संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर बसल्या आणि स्टीलच्या झाकणात बिया ओतल्या. नारिंगी तांबड्या, ज्वारीच्या दाण्याहून मोठ्या. मी मोजल्या, शेहेचाळीस भरल्या.

"भाऊ, तुमी बियान्याच्या ऑफिसातले. हे कसं उगवाचं?"

"सोपं आहे," मी म्हणालो. "आधी उगवणशक्ती काढू."

"माह्या मायचा फोटो नाई माह्याजवळ," त्या बियांकडे बघत म्हणाल्या. "एक बी नाई. त्या काळी कोन काढे? हे वेलच आहे. जपून करा."

मी जपूनच केलं, असं मला तेव्हा वाटलं. आमच्याकडे जैनथ भागात सोयाबीन पेरण्याआधी प्रत्येक घरी एक चाचणी करतात. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. आठ दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर पेरायचं. जे आठ दिवसांत उगवलं नाही, ते मेलेलं. ही चाचणी मी शेकडो वेळा केली आहे, लोकांना करून दाखवली आहे. इथे शंभर बिया नव्हत्या म्हणून दहा घेतल्या. आठव्या दिवशी गोणपाट उघडलं तर दहाच्या दहा जशाच्या तशा. मी वहीत रकाने आखले होते: एकूण, उगवल्या, मृत. लिहिलं: दहा, शून्य, दहा. गोणपाट परसातल्या कोपऱ्यात झटकलं, जिथे आम्ही केर आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकतो, हात साबणाने धुतले आणि बाईंना वही दाखवायला गेलो.

"उगवणशक्ती शून्य आहे बाई. बी गेलेलं आहे."

त्यांनी वही वाचली. "ते दहा कुठं आहेत?"

"टाकून दिल्या. मेलेलं बी ठेवून काय करायचं?"

"मेलं हे तुमी तपासलं," त्यांनी विचारलं, "का उगवलं नाई एवढंच पाह्यलं?"

मी म्हणालो, "आठ दिवसांचा नियम आहे."

"सोयाबीनचा."

"हो, सोयाबीनचा."

"मंग ते सोयाबीनले सांगा," असं म्हणून त्यांनी उरलेल्या छत्तीस बियांची पुडी ब्लाउजमध्ये खोचली.

पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बोलावलं. वही घेऊन या म्हणाल्या. बारा बिया त्यांनी पॉलिश पेपरवर घासल्या, अगदी हलक्या, वरचं कवच पातळ होईपर्यंत, आत न जाता. बारा थर्मासमध्ये कोमट पाण्यात ठेवल्या, तीन दिवस, रोज पाणी बदलून. बारा नुसत्या शेणकाल्यात घोळवल्या, कारण त्यांची आई भोपळ्याच्या बियांना तसं करायची. मग कृष्णकमळं भिंतीलगत जमिनीत हलवून बारा कुंड्यांत वाळू मिसळलेल्या मातीत, प्रत्येकीत तीन, नखभर खोल. प्रत्येक वेळी त्या हात धुवायच्या आणि मलाही धुवायला लावायच्या. वहीत मी नवे रकाने आखले. तिसऱ्या रकान्यात सवयीने "मृत" लिहिलं. बाईंनी माझ्या हातातून पेन घेतला, पट्टी मागितली, त्यावर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "अजून नाही".

मागच्या पानावरचं दहाचं "मृत" मात्र तसंच राहिलं. ते खरंच होतं, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

पहिला कोंब त्रेचाळिसाव्या दिवशी आला, गवताच्या पात्यासारखा. मला गवतच वाटलं आणि मी उपटायला हात घातला, तर बाईंनी मनगट धरलं. शेवटचा एकशे चौथ्या दिवशी. पॉलिश पेपरच्या सहा, कोमट पाण्याच्या पाच, शेणाची एकही नाही. एकूण अकरा. "माय भोपळ्यातच हुशार होती," बाई म्हणाल्या. त्या दिवसांत त्या रविवारच्या फोनवर मुलाला वेगळं उत्तर देऊ लागल्या. "पाहू" म्हणणं बंद झालं. म्हणायच्या, "वेल धरू दे, मंग येते."

दसऱ्यानंतर त्यांना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हैदराबादला जावं लागलं. तीन आठवड्यांत येते म्हणाल्या. किल्ली माझ्याकडे दिली आणि कुंड्यांसमोर उभं राहून सांगितलं, "रोज एक लोटा, बारा कुंड्याइले मिळून. कमी नाई, जास्त नाई."

तीन आठवड्यांचे तीन महिने झाले. जखम भरेना, मग व्यायाम, मग थंडी. मी रोज सकाळी सातला जात होतो. घरात लग्न होतं त्या दिवशीही गेलो. वहीत रोज एक खूण करत होतो. नोव्हेंबरात पाती पिवळी पडली, वाळली, नाहीशी झाली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. पण एक लोटा म्हणजे एक लोटा. ना मी कमी केलं, ना थांबवलं. फोनवर बाईंनी विचारलं, "कुंड्या?" मी म्हणालो, "रोज पाणी आहे बाई, एक दिवस खाडा नाही." त्या ऑपरेशनच्या त्रासात होत्या. "बरं," म्हणाल्या.

संक्रांतीच्या सुमारास त्या काठी टेकत आल्या. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसून त्यांनी पहिली कुंडी माझ्याकडून पोत्यावर उलटी करून घेतली. मातीतून चिंचोक्याएवढा कंद निघाला. त्यांनी दोन बोटांत धरला, तो लगदा झाला. ही वेल थंडीत वरून वाळते आणि खाली झोपते. तेव्हा माती कोरडी लागते, हे मला माहीत नव्हतं. बाराही कुंड्या उलट्या केल्या, माती चाळणीने चाळली. अकरा कंद, अकराही सडलेले. न उगवलेल्या पंचवीस बियांची नुसती कवचं मिळाली.

मी वही पुढे केली. का केली, मला आजही सांगता येत नाही. ब्याण्णव खुणा होत्या.

बाईंनी पानं उलटून पाहिली. "हजेरी तं पुरी आहे भाऊ," म्हणाल्या.

सुनंदा चहा घेऊन आली होती, ती तशीच दारात उभी राहिली. मग बाई म्हणाल्या, "माही बी चूक आहे. घाला म्हटलं, थांबा म्हटलं नाई. तीन आठवड्याचा हिशेब सांगून गेली मी." त्यांनी पट्टी मागितली नाही. वही मिटून माझ्या हातात दिली.

होळीनंतर त्या हैदराबादला कायमच्या गेल्या. थांबायला आता कारण उरलं नव्हतं. टेम्पोत सामान चढत असताना त्यांनी बारा रिकाम्या कुंड्या भिंतीवरून एकेक करून सुनंदाकडे दिल्या आणि लोटाही दिला. मी म्हणालो, "माझ्याकडे कशाला ठेवता बाई?" त्या म्हणाल्या, "मंग कोनाजवळ ठेवू? आता तुमाले थांबाचं कळते."

त्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. पोळा होऊन गेला होता. सुनंदा परसात धुणं वाळत घालत होती, तिने मला हाक मारली. "अहो, ह्या पऱ्हाट्यांवर काय चढून राह्यलं पाहा."

जुन्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर पानाच्या टोकाच्या गुंडाळ्या काड्यांना घट्ट धरून एक वेल माझ्या छातीएवढी चढली होती. वर दोन फुलं होती, खाली पिवळी, वर लाल. तीन कळ्या होत्या.

गोणपाट मी याच कोपऱ्यात झटकलं होतं. त्याला दोन वर्षं तीन महिने होत होते. आदल्या पावसाळ्यात मी तिथलं गवत विळ्याने दोनदा कापलं होतं, त्यात ही वेलही कापली गेली असणार. कोणी घासलं नव्हतं, कोमट पाणी दिलं नव्हतं, थंडीत तिथे एक थेंब पडला नव्हता.

मी फोन केला. बाईंचा आवाज बारीक झाला होता. मी सांगितलं. ऐकू गेलं नसेल असं वाटून मी पुन्हा सांगितलं.

"ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "फूल कसं आहे? वरून लाल का?"

"वरून लाल. खाली पिवळं."

"मायचीच." मग म्हणाल्या, "भाऊ, ते दहा तुमी कोन्या रकान्यात लिहिले होते?"

"मृत."

फोनवर त्या हसू लागल्या आणि खोकला येईपर्यंत हसल्या. "वही आहे का अजून?"

"आहे."

"मंग खोडा. झाकू नोका. व्हाइटनर लावलं तं मले कळन."

मी म्हणालो, "दिवाळीला तुम्ही या आणि तुम्हीच खोडा." त्या म्हणाल्या, "येते. शेंगा पिकल्याशिवाय तोडू नोका. आन हात धुवा."

सुनंदाने फोटो काढून मिलिंदच्या फोनवर पाठवला. त्याने सांगितलं की बाईंनी तो मोठा करून घेतला आणि पलंगासमोर लावला, त्यांच्या यजमानांच्या फोटोशेजारी. विचारणाऱ्याला सांगायच्या, "माही माय."

दिवाळीच्या आठ दिवस आधी बाई गेल्या. झोपेतच गेल्या. आम्ही दोघं हैदराबादला जाऊन आलो.

परत आलो तेव्हा पऱ्हाट्यांवरच्या शेंगा पिकून फाटल्या होत्या. पाच शेंगांत मिळून एक्काहत्तर बिया निघाल्या. वीस मिलिंदला दिल्या, वीस बाईंच्या भावाला. एकतीस बाईंच्या कुंड्यांत आहेत, सोळा घासून, पंधरा कोमट पाण्यातून, शेण कोणालाच नाही. आज सत्तावन्नावा दिवस. चार उगवल्या. सत्तावीस अजून नाहीत. परसातला कंद थंडीत जागेवरच असतो, तिकडे मी पाणी घेऊन फिरकतही नाही.

बियांची वाटणी झाली त्या दिवशी मी जुनी वही काढली होती. ते पान उघडलं, पट्टी ठेवली आणि "मृत, दहा" यावर एक सरळ रेघ मारली. बाजूला लिहिलं, "उगवली, एक." खालचा शब्द स्पष्ट वाचता येतो.